मिरामारची पहाट: पाण्यात पाय टाकण्याआधीचे साडेतीन तास

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पहिलीच हाफ आयर्नमॅन (१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धावणं, सलग), गोव्यात मिरामारवर. वय ४१, वजन ५८ किलो. तलावात दोन किलोमीटर ५२ मिनिटांत पोहता, सायकल आणि धावण्याची तयारी बरी झालीय. पण शर्यतीच्या दिवशी उठल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत काय करायचं, काय खायचं, आणि सुरुवातीच्या रांगेत छातीत धडधडायला लागलं तर काय, हे नीट कोणी सांगत नाही. आणि घरचे सोबत येणार आहेत, त्यांनी कुठं थांबायचं?

मी कोल्हापूरचा. बारा वर्षं लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन करतोय आणि राजाराम तलावावर नवख्यांना पोहण्यासाठी तयार करतोय. मिरामारवर स्पर्धक म्हणूनही उभा राहिलोय आणि माझ्या विद्यार्थ्यांना पाण्यात सोडायलाही. त्या पहाटेला एकच काम असतं: पाण्याला पाय लागेल तेव्हा तुमचा श्वास शांत असला पाहिजे. खाणं, हवा भरणं, पिशव्या, शौचाला जाणं हे सगळं त्या एका कामासाठी. त्यामुळे सकाळी काही ठरवायला शिल्लक ठेवू नका. जे ठरवायचं ते आदल्या संध्याकाळी सहापर्यंत ठरवून कागदावर लिहा. पहाटे फक्त कागद वाचायचा आणि करायचं.

झोपेची काळजी सोडा. आदल्या रात्री जवळपास कुणालाच गाढ झोप लागत नाही, आणि त्यानं शर्यत बिघडत नाही. त्याच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपा. शर्यतीच्या आदल्या रात्री नऊला दिवा मालवून नुसतं पडून राहिलात तरी पुष्कळ झालं.

उठायची वेळ मागून मोजत यायची. सुरुवात सातला धरू (तुमच्या सूचनापत्रकात असेल ती वेळ घ्या). खाणं सुरुवातीच्या तीन तास आधी संपलेलं हवं, म्हणजे चारला. म्हणून साडेतीनला उठा. हॉटेलातला नाश्ता त्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. ‘पहाटे देऊ’ असं रात्री सांगतात आणि पहाटे काउंटरवर कोणी नसतं, हे मी एकदा अनुभवलंय. सगळं खोलीत आणून ठेवायचं, आणि घरून एक छोटी इलेक्ट्रिक किटली न्यायची.

किती खायचं? सुरुवातीच्या एक ते चार तास आधी, शरीराच्या वजनाच्या दर किलोला एक ते चार ग्रॅम कर्बोदकं, हा खेळाडूंच्या आहाराचा सर्वमान्य हिशेब आहे. तीन तास आधी खाणाऱ्या नवख्या माणसाला मी किलोला दोन ग्रॅम सांगतो. तुमच्या वजनाला ते सुमारे ११५ ग्रॅम होतं. पांढऱ्या ब्रेडचे चार स्लाइस, त्यांना दोन मोठे चमचे जॅम, एक मोठं पिकलेलं केळं आणि दोन चमचे साखरेचा कोरा चहा, एवढ्यात ते भरतं. दूध, तूप, लोणी नको. आपल्याकडे हात आपोआप पोह्यांकडे जातो. पोहे चालतात, पण फोडणी नाममात्र, शेंगदाणे आणि खोबरं अजिबात नाही. साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट आणि तूप पोटात तासन्‌तास बसून राहतं, म्हणून ती नको. आणि रात्रीचा भात डब्यात भरून खोलीत ठेवायचा आणि पहाटे खायचा, हे तर मुळीच करू नका. गोव्याच्या उकाड्यात तो बिघडतो. नव्वद किलोमीटर सायकलवर वाकून बसायचंय, पोटाशी खेळ नको.

जे त्या दिवशी खाणार ते आधीच्या किमान चार रविवारी, लांबच्या सायकलिंगआधी, त्याच वेळी, त्याच मापानं खाऊन बघितलेलं हवं. पहाटे चारला घास घशाखाली उतरत नाही म्हणून लोक अर्धवट खातात आणि मग सायकलवर दोन तासांनी हातपाय गळतात. चारला खाण्याचीसुद्धा सवय लावावी लागते.

पाणी: उठल्यापासून पुढच्या दोन तासांत मिळून ३०० ते ४०० मिलिलिटर, घोट घोट, त्यात थोडं इलेक्ट्रॉल. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. ‘उकाडा आहे, आधीच भरपूर पिऊन ठेवा’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. गरजेपेक्षा जास्त साधं पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं, आणि लांब शर्यतीत ते डिहायड्रेशनइतकंच, कधी कधी त्याहून धोक्याचं ठरतं. तसंच ‘गुडघा दुखू नये म्हणून’ पहाटे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. उष्णतेत, घाम जात असताना, ती मूत्रपिंडावर ताण आणते. ताप असेल, जुलाब झाले असतील, छातीत काही वेगळं वाटत असेल तर त्या दिवशी सुरुवातच करायची नाही. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा असते.

शौचाला खोलीतच जाऊन या. त्यासाठी खाल्ल्यानंतर अर्धा तास मोकळा ठेवा, चहाचा उपयोग इथेच होतो. मैदानावरच्या फिरत्या शौचालयांपुढे सकाळी सहाला जी रांग असते तिथे वीस मिनिटं सहज जातात. तिथेही एकदा जावं लागेलच, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या, रांग लहान असताना जा. टिश्यूचं पाकीट खिशात ठेवा. पाळीची तारीख जवळ असेल तर लागणाऱ्या वस्तू सकाळच्या पिशवीत आणि बदलाच्या (पोहून आल्यावर उघडायच्या) पिशवीतही ठेवा, ट्रायसूटच्या (तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा घट्ट पोशाख) भरवशावर राहू नका.

निघण्याआधी खोलीतच व्हॅसलीन लावा. मानेच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आत, ब्राच्या पट्टीखाली. खाऱ्या पाण्यात मान वळवून वळवून जो चट्टा उठतो तो तलावात कधी उठत नाही, म्हणून तलावात शिकलेले लोक मान विसरतात. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्यावर बांधा. उजवीकडे सायकलची साखळी असते. पट्ट्याखालीही थोडं व्हॅसलीन लावा.

मिरामारला पहाटेपासून रस्ते बंद होत जातात. टॅक्सीवाल्याला रात्री ‘येतो’ म्हणायला काही जात नाही, पण अडथळ्यापाशी तो तुम्हाला उतरवणार. शक्यतो चालत जाता येईल अशी खोली घ्या आणि पावणेपाचला निघा. काळोख असतो, समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीच्या आसपास पोहोचलात की ट्रान्झिशनचे (पोहणं, सायकल, धावणं यांच्यामध्ये सामान बदलायची जागा) दिवे आणि माणसांची गर्दी दिसायला लागते. आणि तिथेच, बघता बघता, सगळ्यांची घाई तुमच्या अंगात शिरते. तिथे थांबा. पाच वेळा सावकाश श्वास सोडा. मग आत जा.

सायकल तुम्ही आदल्या दिवशीच रॅकवर लावून आलेल्या असाल. तेव्हा टायरमध्ये पूर्ण हवा भरायची नाही. कारण साधं आहे: २५ अंशांना १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा ४५ अंशांना सुमारे १०७-१०८ होते. उन्हात उभ्या सायकलचं टायर त्याहूनही तापतं, आणि दुपारी रॅकमधून ‘फट्’ असा आवाज मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलाय. आदल्या दिवशी पंधरा-वीस पीएसआय कमी ठेवा आणि पहाटे भरा. पंप कुणाचा तरी मागून घ्यावा लागतो. पंप काढताना सरळ वर ओढा. प्रेस्टा व्हॉल्व्हची (शर्यतीच्या सायकलच्या ट्यूबचं बारीक तोंड) ती बारीक पिन वाकली की हवा बसत नाही, आणि पहाटेच्या काळोखात ट्यूब बदलणं म्हणजे सगळी शांतता गेली. माझ्या एका विद्यार्थ्याची पिन अशीच वाकली होती. त्यानं ट्यूब सहा मिनिटांत बदलली, पण हात थरथरत होते आणि ती थरथर पाण्यात पहिल्या बोयापर्यंत (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) गेली नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेडटॉर्च न्यायला लावतो.

हवा झाली की मागचं चाक उचलून पेडल फिरवा. साखळी हलक्या गिअरवर आहे का, ब्रेकचं पॅड रिमला घासत नाही ना, चाकाचा क्विक-रिलीज घट्ट आहे ना, एवढं बघा. रात्रीत शेजारच्या सायकलचा धक्का लागलेला असू शकतो. सायकल कॉम्प्युटर लावा. बाटल्या पहाटेच लावायच्या. एक हॉटेलच्या फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवलेली असेल तर सायकल सुरू होईपर्यंत ती प्यायजोगी थंड उरते. जेल (ताकदीसाठीचं पाकिटातलं गोड, घट्ट चाटण) आणि खजूर रात्री सायकलवर किंवा पिशवीत उघडे ठेवून येऊ नका. मुंग्या लागतात. मी स्वतः सायकलच्या वरच्या दांड्यावरच्या छोट्या पिशवीची चेन उघडली आणि आत तांबड्या मुंग्यांची रांग हलत होती. चिकट जेल, काळोख आणि मुंग्या, हे झटकत बसायला दहा मिनिटं गेली. आता ती पिशवी मी रिकामी ठेवून येतो.

आयर्नमॅनच्या शर्यतीत सायकलचं सामान निळ्या पिशवीत, धावण्याचं लाल पिशवीत, आणि कपडे-चपला पांढऱ्या पिशवीत, अशी पद्धत आहे. सायकलच्या सामानात एक छोटी साध्या पाण्याची बाटली आणि हातरुमाल ठेवा. समुद्रातून आल्यावर पायाला वाळू असते. ती मोज्यात गेली की २१ किलोमीटर धावताना फोड येतो. दहा सेकंद पाय धुवा, पुसा, मग मोजे. हेल्मेटमध्ये उन्हाचा गॉगल उघडा ठेवा, पट्टे बाहेर. रॅकवरून सायकल काढायच्या आधी हेल्मेटचं बक्कल लागलेलं असलंच पाहिजे, नाहीतर दंड.

सामान लावून झालं की एक गोष्ट करा जी बहुतेक जण करत नाहीत. पोहून बाहेर येण्याच्या दारापासून पिशव्यांपर्यंत, तिथून सायकलपर्यंत, तिथून सायकलवर चढायच्या रेषेपर्यंत प्रत्यक्ष चालत जा. रांगा मोजा. ‘डावीकडून चौथी रांग, दिव्याच्या खांबानंतर सहावी सायकल’ असं स्वतःला तीनदा मोठ्यानं सांगा. रॅकला फडकं, फुगा बांधून खूण करायला परवानगी नसते, त्यामुळे डोक्यातलीच खूण उपयोगी. आडव्या अवस्थेतून एकदम उभं राहून पळताना डोकं हलकं होतं आणि हजार सायकली सारख्या दिसतात.

हे सगळं सहापर्यंत संपवा. आता खरं काम.

अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनचा एक अभ्यास झाला. त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या मिळून १३५ घटना सापडल्या आणि त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. प्रमाण लाखामागे दोनांहूनही कमी, तेव्हा घाबरवायला सांगत नाही. पण शर्यतीत सर्वांत कमी वेळाचा जो टप्पा, तोच सर्वांत नाजूक आहे, हे मनात धरून सकाळ आखायला हवी. भीतीनं आणि घाईनं नाडी आधीच वर गेलेली असते. त्यात माणूस पाण्यात शिरून एकदम जोरात हात मारतो. चेहरा पाण्यात गेला की शरीर नाडी खाली आणायला बघतं, भीती तिला वर ओढते. या ओढाताणीत हृदयाच्या लयीचा घोळ होऊ शकतो, असं डॉक्टर मानतात. तुमचं वय चाळिशीपुढचं. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट झाली नसेल तर शर्यतीच्या महिनाभर आधी करून घ्या.

माझ्या पहिल्या समुद्रातल्या शर्यतीत दीडशे मीटरवर कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. खारं पाणी नाकात गेलं आणि श्वास आत जाईना. मी तोंड उघडून हवा ओढत होतो, ओढतच होतो. शेजारी कयाक (सुरक्षेसाठीची छोटी वल्हवायची होडी) होती. तिच्यावरच्या मुलानं दोर माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, “सोड, आधी श्वास सोड.” मी सोडला. छातीत साठलेली हवा एवढी निघाली की मलाच आश्चर्य वाटलं. त्या क्षणी कळलं की श्वास आत जात नव्हता, कारण बाहेर सोडलेलाच नव्हता. घाबरलेला माणूस वरचेवर उथळ श्वास घेतो, पुरता सोडत नाही, आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. अर्धा मिनिट दोर धरून होतो. पुढे शर्यत पूर्ण केली.

कयाक किंवा बोया धरून विश्रांती घेणं नियमात बसतं, फक्त ते धरून पुढे सरकायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण कित्येकांना वाटतं की हात लावला की बाद. हात वर करून हलवा, ते येतात. मागा, धरा, श्वास सोडा.

आता सहा ते सात. पाण्यात सराव करू देत असतील तर आठ-दहा मिनिटं उतराच. कमरेपर्यंत चालत जा, चेहरा बुडवा, नाकातोंडातून बुडबुडे सोडत सावकाश पाच मोजा. असं दहा वेळा. मग शंभर मीटर आरामात पोहा आणि चार-पाच वेळा थोडा वेग घ्या, म्हणजे नाडी एकदा वर जाऊन खाली येते आणि सुरुवातीला तिला नवल वाटत नाही. पाण्यात उतरू देत नसतील तर वाळूवर खांदे फिरवा, जागच्या जागी हलकं पळा, आणि बाटलीतलं पाणी चेहऱ्यावर, मानेवर ओता. समुद्राचं पाणी त्या दिवसांत कोमटच असतं, वेटसूटचा (अंगाला घट्ट बसणारा, तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) प्रश्नच येत नाही. हौशी स्पर्धकांना तो २४.५ अंशांपर्यंतच चालतो. त्यामुळे सूटचा आधार नाही, पण खारं पाणी तलावापेक्षा वर उचलतं. तुम्हाला पाय कमी मारावे लागतील.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. पाणी गढूळ असतं, हात पुढे केला तरी बोटं दिसत नाहीत. तलावात ज्यांना खालची काळी रेघ बघायची सवय त्यांना याचा धसका बसतो. आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे परत येताना नुकता वर आलेला सूर्य थेट डोळ्यांत. किनाऱ्यावरची कमान दिसत नाही, माडांच्या रेषेवर नुसती चकाकी. म्हणून गडद काचेचा गॉगल घ्या आणि आदल्या दिवशी त्याच वेळी किनाऱ्यावर जाऊन बाहेर येण्याच्या जागेच्या मागे उंच काय आहे, एखादी इमारत किंवा टॉवर, ते ठरवून ठेवा. ओहोटी-भरतीची वेळही बघा, कुठल्या बाजूला ओढ असेल ते कळतं. तुमच्याकडे अजून दोन-तीन महिने असतील तर एकदा मालवणला किंवा तारकर्लीला, जाणत्या माणसासोबत, समुद्रात उतरून या. चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिथली पोरं लाटेला कशी सामोरी जातात ते बघण्यासारखं असतं. पहिली फेसाळ लाट अंगावर येऊ द्यायची नाही, डोकं खाली घालून तिच्या खालून जायचं.

सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी एक जेल, दोन घोट पाण्यासोबत. चपला पांढऱ्या पिशवीत घालून पिशवी जमा करा.

रांगेत कुठं उभं राहायचं? तिथे सगळे एकदम सुटत नाहीत, थोडे थोडे सोडतात आणि तुमचं घड्याळ तुम्ही चिपची नोंद घेणाऱ्या चटईवरून गेल्यावर सुरू होतं. त्यामुळे पुढे घुसून काहीच मिळत नाही. १.९ किलोमीटरला समुद्रात मी तुम्हाला ५० ते ५५ मिनिटं धरेन. रांगेत तेवढ्या वेळेची पाटी शोधा, तिच्याही थोडं मागे आणि कडेला उभ्या राहा. पोहण्याची मुदत साधारण १ तास १० मिनिटांची असते, म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी आहेत. ती मनाशी पक्की धरा. त्यातली दोन मिनिटं कयाक धरण्यात गेली तरी काही बिघडत नाही.

धडधड होईलच. ती थांबवायला जाऊ नका, फक्त श्वास सोडायचा वेळ घ्यायच्या वेळेच्या दुप्पट ठेवा: तीन मोजत आत, सहा मोजत बाहेर. शेजारच्याशी वेळा, वॅट (सायकलवर लावलेल्या ताकदीचं माप), गेल्या वर्षीच्या लाटा यावर बोलू नका. पाण्यात गेल्यावर पहिले शंभर हात मोजा, आणि ते मुद्दाम तुमच्या सरावाच्या सर्वांत संथ वेगानं. लोक पुढे जातील, जाऊ द्या. शंभर झाले की लय आपोआप लागलेली असते.

घरच्यांबद्दल. त्यांना पहाटे साडेतीनला उठवू नका. काळोखात त्यांना तुम्ही दिसणार नाही, तुम्हाला ते दिसणार नाहीत, आणि दोघांचाही जीव टांगणीला लागेल. सव्वासातपर्यंत किनाऱ्यावर, पोहून बाहेर येण्याच्या वाटेवर या असं सांगा. टोपीचा रंग आणि नंबर लिहून द्या. पुढे धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असतो, तिथे सावलीची एक जागा ठरवून दिलीत तर ते तुम्हाला पुन्हा पुन्हा बघू शकतील. मात्र त्यांच्या हातून पाणी, लिंबू, काहीही घेऊ नका. बाहेरची मदत नियमाविरुद्ध आहे, पाणी मदतकेंद्रांवरच घ्यायचं. दुपारी शेवटच्या रेषेपलीकडे कोरडा टॉवेल, मऊ चपला आणि घरचं काहीतरी खारट खायला घेऊन उभं राहायला सांगा. त्या वेळी गोड अजिबात नको वाटतं.